जुनेर आणि मांजरपाट

दिवाळी सरली की जुन्नर-आंबेगावच्या गावांतून गोधड्या उन्हात येतात. कंपाउंडच्या भिंतीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, द्राक्षबागेच्या तारेवर, जिथे जागा मिळेल तिथे. रस्त्याने जाणाऱ्याला त्यांची वरची बाजू दिसते. लाल-हिरव्या ठिगळांचे चौकोन, कुणाच्या तरी लग्नातल्या झंपराचा तुकडा, शाळेच्या गणवेशाची खाकी. फोटो काढणारे तेवढाच फोटो काढतात. ज्या बाईला गोधडी कळते तिची रीत निराळी. ती आधी कोपरा उलटा करते, खालचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळते आणि मगच गोधडीबद्दल काय ते बोलते.

वरची बाजू पाहुण्यांसाठी असते, अंगाला लागते ती खालची. ते खालचं कापड, म्हणजे गोधडीचं अस्तर, कुठून येतं आणि कसं असावं लागतं, एवढाच या लेखाचा विषय. विषय लहान वाटेल. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत गोधडीत सगळ्यात मोठा बदल झाला असेल तर तो इथेच झाला आहे. पूर्वी हे कापड घरात फुकट तयार होत असे. आता ते दुकानातून वारावर मोजून आणावं लागतं.

घरात तयार होणाऱ्या त्या कापडाला मराठीत एक नेमका शब्द आहे, जुनेर. वापरून वापरून विरत आलेलं, पण अजून फाटून हातात न आलेलं वस्त्र. जुन्नर हे नाव ‘जीर्णनगर’वरून आलं असं सांगतात. जुनेर आणि जुन्नर यांची नाळ कुठेतरी एकच असावी असं मला उगीचच वाटत आलं आहे. भाषेच्या अभ्यासकांनी त्यावर किती वजन ठेवायचं ते ठेवावं. मला मात्र त्या गावाचं नाव घेतलं की गोधडीचा वास येतो.

जुनेराचा हिशेब फार सुबक होता. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट लांब. पन्हा साधारण चार फूट. त्याच्या चार सारख्या घड्या केल्या तर एकेक घडी पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद होते. म्हणजे एका माणसाची गोधडी, चार पदरी, एकाच लुगड्यातून निघते. कात्री जवळजवळ लावावीच लागत नाही. एक पदर खाली, एक वर, दोन पोटात. चांगली ऊब हवी असेल तर पोटात आणखी धोतराचं पान, धडपे, सदऱ्याच्या पाठी, मैद्याची सुती पिशवी उसवून निघालेलं कापड, असं काय काय जायचं. पण खाली आणि वर लुगडंच. खाली तर नक्कीच, कारण घरात त्याच्याइतकं रुंद, अखंड आणि मऊ दुसरं काही नसायचं.

चार पदरांचं हे गणित किती जुनं असावं याचा एक दाखला अनपेक्षित ठिकाणी सापडतो. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर बौद्ध लेणी आहेत. तिथे वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या भिक्खूंची वस्त्रं, म्हणजे चीवरं, तुकडे जोडून शिवलेली असत. आखणी शेताच्या बांधांसारखी. विनयपिटकातल्या महावग्गात या वस्त्रांचे नियम आहेत आणि त्यातला एक कुठल्याही गोधडी शिवणाऱ्या बाईला लगेच पटेल असा आहे: संघाटी, म्हणजे वरून घ्यायचं जाड वस्त्र, नव्या कापडाची असेल तर दोन पदरी करावी, आणि वापरून झिजलेल्या कापडाची असेल तर चार पदरी. कापड झिजलं की त्याचा दम अर्धा होतो, तो पदर वाढवून भरून काढायचा.

तेव्हा कापड महाग होतं हेही लक्षात घ्यावं लागतं. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचं व्याज २४० होतं. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. हा उषवदात नहपान राजाचा जावई, आणि त्याच नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख जुन्नरला मानमोडीच्या लेण्यात आहे. ठेव ठेवायला राजाच्या जावयाला सराफ नाही, विणकर सापडले यातच कापडाची पत कळते. अशा काळात झिजलेलं वस्त्र कुणी टाकून देत नसणार.

आता मलमलीकडे यायला हवं, कारण गोधडीच्या अस्तराचा विषय निघाला की परदेशातली पुस्तकं ‘मस्लिन’ लावा म्हणतात आणि आपल्याकडे घोटाळा होतो. मस्लिन हा शब्द इराकमधल्या मोसुल शहरावरून आला असं मानतात. पुढे तो ढाक्याच्या झिरझिरीत मलमलीला चिकटला. इंग्लंडमध्ये आजही मस्लिन म्हणजे विरळ, हलकं, चक्का बांधायच्या फडक्यासारखं कापड. अमेरिकेत मात्र मस्लिन म्हणजे साध्या विणीचं, बहुतेक ब्लीच न केलेलं, पिवळसर सुती कापड. इंग्रज त्याला कॅलिको म्हणतात, जो शब्द आपल्या कालिकतवरून गेला. आणि आपण त्याला म्हणतो मांजरपाट. म्हणजे अमेरिकन पुस्तकातल्या ‘मस्लिन लावा’ या सल्ल्याचा मराठी अर्थ ‘मांजरपाट लावा’ असा आहे. मलमल लावा असा नाही. हे न कळल्यामुळे हौसेने महाग मलमल आणून गोधडीला लावणारे आणि पहिल्याच धुण्यात ती ताणून बसणारे मी पाहिले आहेत.

मांजरपाटाचा मांजराशी काही संबंध नाही. गुजरातीत त्याच कापडाला मादरपाट म्हणतात. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ माधवपालेम नावाचं गाव आहे, तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती आणि तिथून जाणारं साधं सुती कापड युरोपच्या बाजारात ‘मादापोलम’ म्हणून विकलं जाई. मादापोलम, मादरपाट, मांजरपाट अशी ही वाट असावी. मराठी जिभेने तिला न कळणाऱ्या शब्दाचं आपल्या ओळखीचं जनावर करून टाकलं. आपण असे शब्द पुष्कळ पाळले आहेत.

आपल्या भागातून बारीक कापड कधी गेलंच नाही असं नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून साधं जाडंभरडं कापड आणि अनेक प्रकारची मलमल गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट त्याच काळातल्या व्यापाराचा, कल्याण बंदराकडे जाणारा. पण त्या मलमलीचा अंगावर घेऊन झोपणाऱ्या कुणब्याशी काय संबंध असणार? त्याच्या वाट्याला जाडंभरडं आलं. त्याची मलमल त्याने घरीच, दहा वर्षं लुगडं नेसून, धुऊन, आपटून तयार केली.

ती कशी तयार होते हे बघण्यासारखं आहे. मागावर चढणाऱ्या ताण्याच्या सुताला खळ लावतात, नाहीतर घर्षणाने ते तुटतं. खळ मक्याच्या किंवा बटाट्याच्या स्टार्चची असते, काही ठिकाणी चिंचोक्याच्या पिठाची. धनगरी घोंगडीला चिंचोक्याचीच खळ देतात, म्हणून नवी घोंगडी उभी केली तर उभी राहते. सुती कापडातली खळ धुण्यागणिक थोडी थोडी जाते. त्याचबरोबर पिळलेल्या सुताचा पीळ सैल होतो, तंतूंची टोकं घासून निघतात, वीण किंचित मोकळी होऊन प्रत्येक धाग्याला हलायला जागा मिळते. आपल्याला बोटांना जो मऊपणा लागतो तो म्हणजे धाग्यांची ही मोकळीक. पण ऊन आणि साबण यांनी कापसातला सेल्युलोजही आतून तुटत जातो. मऊपणा आणि दुबळेपणा एकत्रच वाढतात. जुनेर म्हणजे दोन्हींच्या मधला, फार थोडा काळ टिकणारा टप्पा. त्याच्या आधी लुगडं खरखरीत असतं, त्याच्यानंतर ते चिंधी होतं. कोणतं लुगडं आता गोधडीत टाकावं हे आजीला बरोबर कळायचं आणि सुनेला वाटायचं की अजून एक वर्ष नेसता आलं असतं.

दुबळं कापड टिकवायचं काम टाके करतात. गोधडीला धावदोरा घालतात, एकेका बोटाच्या अंतराने, कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत. हे टाके शोभेचे नाहीत. अंगावर ओढताना गोधडीवर येणारा ताण एखाद्या जागी गोळा झाला तर जुनेर तिथे फसकन फाटेल. जवळजवळच्या टाक्यांमुळे तो ताण चारही पदरांत आणि शेकडो टाक्यांत वाटला जातो. पोटातले तुकडे सरकत नाहीत हा दुसरा फायदा. आणि पदरांच्या मध्ये अडकलेली हवा बाहेर जात नाही, हा तिसरा. गोधडीची ऊब कापडाची नसते, त्या हवेची असते. स्थिर हवा उष्णता फार हळू जाऊ देते. कापड फक्त तिला धरून ठेवतं.

हा धावदोरा शक्यतो हातानेच घालावा, या मताचा मी आहे. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकून घट्ट बसतात. कापड आवळलं जातं आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. हाताच्या टाक्यात एकच दोरा असतो आणि त्याला थोडी सैल राहायची मुभा असते. गावात आता मशीनवर एका दिवसात गोधडी शिवून मिळते. ज्यांना घाई आहे त्यांनी ती जरूर घ्यावी.

हे सगळं सुती लुगड्यावर उभं होतं, आणि सुती लुगडं गेलं. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला न चुरगळणारी, लवकर वाळणारी, रंग न जाणारी पॉलिस्टरची साडी सोयीची वाटली यात तिची काही चूक नाही. पण घरातल्या जुन्या साड्यांच्या गाठोड्यात जुनेर तयार होणं थांबलं. पॉलिस्टर वीस वर्षं वापरलं तरी पहिल्या दिवसासारखंच राहतं. ते जुनं होतं, जुनेर होत नाही.

अशी साडी अस्तराला लावली तर काय होतं हे ज्यांनी पांघरलं आहे त्यांना विचारा. कापूस हवेतली ओल स्वतःत घेतो, साधारण हवामानात आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. झोपेत अंगातून निघणारी वाफ सुती अस्तर शोषून घेतं आणि हळूहळू बाहेर सोडतं. पॉलिस्टरखाली ती अंगावरच राहते. म्हणून गोधडी आधी थंडगार लागते, मग चिकट होते, आणि पहाटे अंगावरून घसरून खाटेखाली जाते. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत अंधारात तिच्यातून बारीक ठिणग्या निघताना मी लहानपणी पाहिल्या आणि घरात भूत आहे अशी आवई उठवली होती. साडी सुती आहे की नाही याची शंका असेल तर काठाचा एक दोरा काढून पेटवावा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळून राख होतो. पॉलिस्टरचा वितळतो आणि टोकाला कडक मणी राहतो.

मग दुकानात जाऊन मांजरपाट मागायचा. इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण कापडाच्या दुकानात जाऊन गिरणीचं कापड मागणं ही आंबेगावच्या माणसाला अगदीच साधी गोष्ट नाही. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू या तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापड भरून निघालेल्या ट्रकसमोर ते आडवे झाले आणि ट्रक अंगावरून गेला. त्यांचं वय बाविशीच्या आसपास. त्या ट्रकमधल्या गठ्ठ्यांत कोणतं कापड होतं ते सोडून देऊ. पण मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानात जे साधं पांढरं कापड ओतत होत्या त्यात मादापोलम हा नेहमीचा माल होता. गोदावरीकाठच्या विणकरांचं कापड, त्याचं नाव घेऊन, लँकशायरमध्ये विणलं जाऊन परत त्यांच्याच देशात विकायला येत होतं. मूळ आंबेगाव गावही आता त्या बाबू गेनू सागराच्या पाण्याखाली आहे.

या दोन तालुक्यांतून कितीतरी माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कामावर गेलेच नाहीत. संपाआधी गावी सुट्टीला येणारा चाकरमानी पिशवीत मांजरपाटाचा तुकडा आणायचा, तो बहुधा चड्ड्या-बंड्यांना आणि उशीच्या खोळींना लागायचा. गोधडीला तेव्हा कुणी लावत नसे, कारण लुगडी होती. आता मांजरपाट येतो तो यंत्रमागाचा. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला, तिथून आणि भिवंडी-मालेगावहून.

बायकांना मांजरपाट सहजासहजी पटत नाही, याचं एक कारण कुणी मोठ्याने सांगत नाही. कोरं पांढरं कापड मढ्यावर घालतात. घरात कुणी गेलं की धावतपळत दुकान उघडायला लावून जे आणायचं ते हेच. तेच कापड लेकराच्या अंगाखाली कसं घालायचं? उलट तान्ह्या बाळाला कोरं घालत नाहीत, आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं आणि बापाच्या जुन्या धोतराचं झबलं हीच रीत. यात शकुन किती आणि शहाणपण किती हे वेगळं काढणं अवघड आहे, कारण कोऱ्या कापडातली खळ आणि सरकीचे टोचरे कण नाजूक कातडीला खरोखरच त्रास देतात. तोडगाही रीतीतच आहे. नव्या वस्त्राच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं की ते कोरं राहत नाही. मांजरपाटाच्या कोपऱ्याला हळद लावून मगच तो भिजत घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणि तो भिजत घालावाच लागतो. इथे आळस केला की गोधडी बिघडते. कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतो, आणि पाच टक्के आटला तरी सात फुटांत चार इंचांहून जास्त जातो. वरची बाजू जुन्या, आधीच आटलेल्या कापडांची. ती आटत नाही. खालचं कापड आवळलं जातं, वरचं तसंच राहतं, आणि गोधडीचं वांग्याचं भरीत होतं. म्हणून आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचा, सकाळी ते पिठूळ पाणी ओतून द्यायचं, मग कढत पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळवायचा, आणि हे पुन्हा एकदा करायचं. खळ गेली की नाही हे बघायला एक सोपी युक्ती आहे. जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचा एक थेंब कापडाच्या टोकाला टाकायचा. निळा-काळा डाग उमटला तर स्टार्च अजून आहे. पिवळट-तपकिरीच राहिला तर कापड मोकळं झालं. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो, बाकी फारसा कुठे पडला असेल असं नाही.

दुकानात कापड निवडताना ते उजेडासमोर धरावं. धागे सारख्या अंतरावर आहेत का, मध्येच जाड गाठी किंवा विरळ पट्टे आहेत का ते दिसतं. मुठीत चुरगळून सोडलं आणि हाताला पांढरी भुकटी लागली तर वजन खळीचं आहे, सुताचं नाही. असं कापड दुकानात भरदार वाटतं आणि दोन धुण्यांनंतर जाळी होतं. दुसऱ्या टोकाला, फार दाट विणीचं कापड, चादरीसारखं गुळगुळीत, हेही नको. त्यातून सुई जात नाही. प्रत्येक टाक्याला अंगठ्याचा जोर लावावा लागतो आणि तिसऱ्या फेरीपासून टाके लांब लांब पडायला लागतात. मिश्र सुताची चादर तर हाताची वैरीण. मध्यम विणीचा, सुई सहज सरकेल पण पोटातल्या कापडाचे तंतू बाहेर डोकावणार नाहीत असा मांजरपाट घ्यावा. आणि दोराही सुतीच घ्यावा, कारण जुन्या कापडाला पॉलिस्टरचा दोरा हळूहळू कापतो, असा शिवणाऱ्या बायांचा अनुभव आहे.

पन्ह्याचा प्रश्न उरतो. लुगड्याचा चार फुटी पन्हा एका माणसाला पुरायचा. मांजरपाट पुष्कळदा छत्तीस इंची मिळतो. दोन माणसांची सहा फूट रुंद गोधडी करायची तर दोन पट्टे जोडावे लागतात, आणि सरळ मधोमध जोडले तर शिवण बरोबर पाठीखाली येते. शिवाय गोधडी दुमडताना घडी नेहमी मध्येच पडते, त्यामुळे ती शिवण आधी झिजते. जाणत्या बाया एक पट्टा अखंड मध्ये ठेवतात, दुसरा उभा अर्धा चिरून अठरा-अठरा इंच दोन्ही कडांना लावतात. शिवणी दोन होतात, पण दोन्ही कडेला जातात.

राहिली गोष्ट रंगाची. पिवळट पांढऱ्यावर मळ दिसतो आणि सारवलेल्या जमिनीवर अंथरल्या जाणाऱ्या गोधडीचं तर बघायलाच नको. यावर उपाय याच डोंगरात वाढतो. भीमाशंकरच्या बाजूला, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाशी बाळहिरडा गोळा करतात. त्यांच्या वर्षाच्या कमाईचा तो मोठा भाग असतो. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. सूत सहजी रंग धरत नाही, टॅनिन त्या दोघांना जोडून देतं. म्हणूनच आंध्रातल्या कलमकारीत कापड आधी हिरड्याच्या आणि दुधाच्या पाण्यातून काढतात. हिरड्याची पूड उकळून त्या पाण्यात धुतलेला मांजरपाट बुडवला तर त्याला नुसत्या हिरड्याचाच मातकट पिवळा रंग येतो. तुरटीच्या पाण्यातून काढला तर पिवळेपणा खुलतो, गंजक्या लोखंडाचं पाणी लागलं तर राखाडी-काळा होतो. त्यामुळे हे काम लोखंडी बादलीत करू नये, ठिपके पडतात. हिरडा पोत्यांनी इथून औषधवाल्यांकडे आणि कातडी कमावणाऱ्यांकडे जातो. चार मुठी गोधडीसाठी मागे ठेवल्या तर काही बिघडणार नाही.

खरी मलमल कुठे लावावी? तान्ह्याच्या दुपट्याला. तिथे धुणं रोज, वजन हलकं हवं, आणि घरात सुती जुनेर उरलेलं नाही. मलमल विरळ असते म्हणून एकेरी लावू नये, दुहेरी घ्यावी. वरून खालून मलमल आणि पोटात एखादा जुना मऊ सुती पंचा असला की दुपटं होतं. मोठ्यांच्या गोधडीला मलमल टिकत नाही. पायाचा अंगठा अडकला की गेली.

जुन्या कापडाच्या अस्तराची ही गोष्ट अमेरिकेतल्या गरीब घरांतही अशीच घडली आहे. तिकडे पीठ आणि गुरांचं खाद्य सुती पोत्यांत यायचं. ती पोती उसवून, छापलेली अक्षरं घासून काढून बायका रजईच्या मागे लावायच्या. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या काळ्या स्त्रियांनी शेतातल्या फाटक्या कपड्यांच्या शिवलेल्या रजया २००२ मध्ये आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या. आपल्याही जवळ, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी बायका कवंदी शिवतात. खाली जुनी साडी पसरायची, तिच्यावर कडेपासून ठिगळं लावत आत यायचं. अस्तर आधी, बाकी सगळं नंतर. आमच्याकडे घोडेगावला अंगणात गोधडी मांडतात तेव्हाही खालचं कापडच आधी पसरतात, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतात, हाताने सुरकुती काढतात, आणि मग पोटातल्या तुकड्यांकडे वळतात. उलटं करून कधी कुणी शिवत नाही.

माझ्या घरी मांजरपाटाच्या अस्तराची एक गोधडी आहे. आमच्या चुलतीने ती पंधरा-सोळा वर्षांपूर्वी शिवली, आणि तेव्हा ती काही केल्या कुणाला अंगाला लागेना. खडबडीत होती. मला आठवतं, चुलतीला म्हटलं होतं, “काकी, ही टोचते.” ती म्हणाली, “पांघरत राहा, मग नाही टोचायची.” गोधडी कोपऱ्यात पडून राहिली, पाहुणे आले की निघायची. मग ती दर पावसाळ्याआधी धुतली जाऊ लागली, मग रोजच्या वापरात आली. मागच्या वर्षी तिची वरची बाजू बऱ्याच ठिकाणी विरली म्हणून टाके उसवायला घेतले. ठिगळं हातात सुटून आली, पोटातल्या सदऱ्यांचा भुगा झाला होता. खालचा मांजरपाट मात्र अखंड निघाला. धुऊन वाळत घातला तेव्हा तो वाऱ्याने दोरीवरून सरकायला लागला, इतका हलका झालेला. नव्या गोधडीला अस्तर म्हणून तोच पुन्हा लावावा की पोटात घालावा यावर घरात दोन दिवस वाद चालला. शेवटी चुलतीने तो चौघडी करून नातवाच्या पाळण्यात टाकला आणि अस्तराला नवा मांजरपाट भिजत घातला.